भाकर कुणाच्या घरची?

सांगोल्यात रविवार म्हणजे बाजार. पहाटेपासून टेम्पोतून खिलार बैल उतरत असतात आणि दहा वाजेपर्यंत रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. आमची उपासनाही त्याच दिवशी आणि त्याच वेळी. त्यामुळे बाकांखाली बाजाराच्या पिशव्या असतात, एखादीतून मेथी डोकावते. उपदेश लांबला की मागच्या बाकावरचा एखादा चुळबुळ करू लागतो, कारण खोंड दुसऱ्याच्या हाती देऊन तो आलेला असतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र कुणी चुळबुळत नाही. समोरच्या मेजावर पांढरं कापड घातलेलं असतं. त्याखाली एक स्टीलचं ताट आणि एक भोकाभोकांचा ट्रे. प्रत्येक भोकात बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा पेला, त्यात काळे मनुके उकळून काढलेला रस. ताटात पावाचे चौकोनी तुकडे. स्लाइस ब्रेडच्या कडा कात्रीनं कापून काढतात, मग उरलेल्या पांढऱ्या भागाचे तुकडे करतात. कडा शेळीला जातात. तुकडा एवढा लहान की दाताखाली येईपर्यंत विरघळतो. ट्रे फिरतो, सगळे खाली मान घालतात आणि दहा-बारा मिनिटांत प्रभुभोजन आटोपतं.

भोजन म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पंगत येते: कोण कुणाशेजारी बसलं, कुणी वाढलं, कोण उपाशी राहिलं. आमच्या भोजनात यातलं काहीच दिसत नाही. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरता देवासमोर एकटा बसलेला असतो. मागच्या बाकावर एक मावशी असतात. ट्रे जवळ आला की त्या पदर पुढे ओढतात आणि हातानंच ‘नको’ म्हणतात. एकदा मी विचारलं. म्हणाल्या, “जावेशी बोलणं बंद हाय बाबा. मी लायक न्हाई.” जाऊ दोन बाक पुढे बसली होती. तिनं तुकडाही घेतला आणि पेलाही.

त्या मावशींना ‘लायक न्हाई’ हे शिकवलं कुणी? आम्हीच. दर महिन्याला भोजनाआधी करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलेला इशारा वाचला जातो: जो अयोग्य रीतीनं ही भाकर खातो तो स्वतःवर दोष ओढवून घेतो, अशा अर्थाचा. लोक घाबरतात, मनातली पापं मोजतात आणि ज्याचं मन हळवं तो मागे राहतो. पण त्या अध्यायात त्याआधी काय लिहिलंय ते क्वचितच वाचलं जातं. करिंथमध्ये मंडळी कुणाच्या तरी मोठ्या घरात जमायची आणि खरं जेवण व्हायचं. सधन लोक आपला डबा घेऊन लवकर यायचे, खाऊनपिऊन मोकळे व्हायचे. दिवसभर राबून येणारे मजूर आणि गुलाम उशिरा पोचायचे, तेव्हा पुढ्यात काही नसायचं. पौल संतापला तो यावर. जेवायला स्वतःची घरं नाहीत का तुम्हाला, गरिबाला लाजवायला इथे येता का, असा त्याचा सूर आहे, आणि शेवटचा सल्ला अगदी घरगुती: एकमेकांसाठी थांबा. अयोग्य रीत म्हणजे दुसऱ्याला वगळून जेवणं. आम्ही त्या इशाऱ्याचं तोंड फिरवलं. पंगतीत भेद करणाऱ्यासाठी लिहिलेला शब्द जावेशी अबोला धरलेल्या बाईवर ठेवला, आणि भेद करणारे निर्धास्त पुढच्या बाकावर बसले.

हे मी आज लिहितो आहे, त्याचं मूळ टाळेबंदीत आहे. २०२० साली ९ एप्रिलला आज्ञेचा गुरुवार होता आणि देवळाला कुलूप होतं. मोबाइलवर निरोप आला की प्रत्येक घरानं आपापली भाकर आणि रस तयार ठेवावा, पाळकसाहेब फोनवरून प्रार्थना करतील. पाव मिळेना. घरात मालदांडी ज्वारीचं पीठ होतं. डाळिंबाला त्या दिवसांत कुणी विचारत नव्हतं, शेजाऱ्यांनी पाटी भरून आणून दिली होती. सौभाग्यवतीनं भाकरी थापली, डाळिंबाचा रस गाळला आणि ताट झाकून ठेवलं. तेवढ्यात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचा फोन आला. तयारी विचारली, ती सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “भाकरी कशी चालंल? पाव बघा की कुठं.” फोन ठेवल्यावर सौभाग्यवतीनं कपाटावरचं पवित्र शास्त्र काढून माझ्यापुढे उघडं ठेवलं. मराठी शास्त्रात शब्द भाकर आहे, पानोपानी भाकर. प्रार्थनेत आम्ही देवाजवळ मागतो तीही भाकरच. नव्वद-शंभर पिढ्यांपूर्वीच्या पॅलेस्टाइनमधला गरीब बार्लीची भाकर खायचा, मंगळवेढ्याचा गरीब ज्वारीची खातो. जुन्या भाषांतरकारांना हे कळलं होतं. फोनवरच्या वडीलधाऱ्यांना कळलं नाही, कारण त्यांच्या मनात पवित्र गोष्ट पांढरी असते आणि बेकरीतून येते.

त्या रात्री आम्ही भाकरी मोडली. मोडली हा शब्द मी जपून वापरतो, कारण ब्रेड कापतात आणि भाकरी मोडतात. मोडताना ती कुठून तुटेल ते आपल्या हातात नसतं. एकाला मोठा तुकडा येतो, दुसऱ्याला पापुद्रा. धाकट्या नातवानं करपलेला तुकडा मागून घेतला.

आता ‘कुणाच्या घरची?’ या प्रश्नाकडे वळतो. मराठी मुलखात तो फार जुना आहे आणि तो विचारणारे फक्त सनातनी नव्हते. सांगोल्याहून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर, मंगळवेढाही साधारण तेवढंच. या तीन गावांच्या त्रिकोणात पंगतीच्या कथाच कथा आहेत. चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना अंगावर भिंत पडून गेले आणि त्यांची समाधी विठ्ठलाच्या दारात, पायरीशी झाली, आत नाही. त्यांची एक कथा घरोघर सांगतात: विठ्ठल चोख्याच्या पंगतीला जेवायला बसला, वाढताना बाईच्या हातून दही सांडलं आणि ते पितांबरावर पडलं. चोखोबा तिला काही बोलले. तिथून जाणाऱ्या ब्राह्मणाला ते स्वतःला उद्देशून वाटलं, त्यानं चोखोबांना थोबाडीत मारली. देवळात जाऊन बघतो तर देवाचा गाल सुजलेला आणि पितांबरावर दही. कथा आहे, इतिहास नाही. पण प्रभुभोजनावर मी ऐकलेल्या कितीतरी प्रवचनांपेक्षा ती मला या विषयाच्या जास्त जवळची वाटते. देव पंगतीला बसला तर कुणाच्या, आणि मार कुणाच्या गालावर उमटला, हे ती दोन वाक्यांत सांगून टाकते. येशूवर जे आक्षेप घेतले गेले त्यांतला एक अगदी हाच होता: जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो.

विठ्ठलाच्या देवळाचं दार अस्पृश्यांसाठी चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी उघडलं. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं आणि दहाव्या दिवशी ते सुटलं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २७ तारखेला मद्रासला अँग्लिकन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या एकत्र येऊन दक्षिण भारताची मंडळी स्थापन झाली, म्हणजे एकमेकांच्या मेजेवर बसायचं त्यांनी ठरवलं. एकाच वर्षातल्या या दोन घटना कुणी शेजारी ठेवून बघत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, आत कोण येऊ शकतं हा.

सुधारकांची गंमत पाहा. १८४९ च्या सुमाराला मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांची परमहंस मंडळी निघाली. जात मोडायची प्रतिज्ञा करणाऱ्याला तिथे एक परीक्षा असायची: ख्रिस्ती भट्टीवाल्यानं भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. व्याख्यान नको, घोषणा नको, पाव खा. सगळं बंद दाराआड चाले आणि १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली तशी मंडळीच बसली. पुढे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं झाली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसं हजर होती. गोपाळराव जोश्यांनी ती यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात जातिबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा ही त्या काळातली एवढी मोठी गोष्ट होती. आज आपण हसतो. पण त्या चहावाल्या ख्रिस्त्यांच्या नातवंडांनी पुढे काय केलं, ते हसण्यासारखं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी निदान लपवलं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या दुरावल्या. नंतर नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं पाळायच्या, चूल वेगळी ठेवायच्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं की त्यांचं मन बदललं ते चुलीच्या वाटेनं. कुणाच्या हातचं पाणी चालतं इथून सुरुवात झाली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे धर्मांतरात पोट आधी बदलावं लागतं. हे त्यांना जमलं, पुष्कळांना जमलं नाही.

कारण जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळते असं आम्ही सांगतो, ते अर्धसत्य आहे. तमिळ मुलखात उच्च समजल्या जाणाऱ्या ख्रिस्त्यांना भाकर आणि प्याला आधी, पारियांना नंतर, बसायला जागाही वेगळी, असं चालायचं. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून ते बंद करायला सांगितलं, तर पुष्कळ जण मंडळी सोडून गेले, पण शेजारी बसले नाहीत. आमच्या बाजूला इतकं उघड नव्हतं. नगर-सोलापूरकडची बहुतेक ख्रिस्ती घरं महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आली. ब्राह्मण ख्रिस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा वरून खाली बघणारे थोडे. पण खालच्यालाही त्याच्याखालचा सापडतोच. महारवाड्यातून आलेली मंडळी मांगवाड्यातून आलेल्यांना मुलगी द्यायला आजही काचकूच करतात. देवळात एका ताटातला पाव, घरी परतल्यावर आडनावाची चौकशी. रोटीव्यवहार सुटला म्हणून आम्ही पाठ थोपटून घेतो आणि बेटीव्यवहार जिथल्या तिथे.

हे सोलापुरात येऊन बाबासाहेबांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. १ जानेवारी १९३८ रोजी ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांचं भाषण झालं, ‘जनता’ पत्रात त्याचा वृत्तान्त आला. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतलं, असं ते त्या सभेत म्हणाले. ख्रिस्ती माणसं हे वाक्य आजही अभिमानानं सांगतात. पुढचं सांगत नाहीत. दक्षिणेतल्या ख्रिस्त्यांनी देवळातही जात पाळली, आणि समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाशी कधी झगडला नाहीत, हा ठपकाही त्यांनी तिथेच ठेवला. पाहुण्यानं दिलेला हार ठेवून घ्यायचा आणि दिलेलं बिल विसरायचं, असला हा प्रकार.

आता पेल्यांविषयी. पूर्वी एकच मोठा प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरायचा. १८९० च्या दशकात अमेरिकेत जंतूंची भीती पसरली आणि सुटे पेले आले, तिथून ते आमच्याकडे. कारण खोटं नाही, आपल्याकडे क्षय होता आणि आहे. सगळ्यांनी पुन्हा एका प्याल्याला तोंड लावावं असं मी म्हणणार नाही. पण त्या ट्रेकडे बघताना मला आमच्या भागातली जुनी चहाची हॉटेलं आठवतात. महारा-मांगांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असायचे. चहा वरून ओतला जायचा आणि प्यायल्यावर आपला कप आपणच विसळून जागच्या जागी ठेवायचा. शाहू महाराज कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायचे, ते त्या वळचणीच्या कपांवरचं उत्तर होतं. ज्याच्या आज्याला बाहेरचा कप मिळाला, त्याच्या नातवाला देवळातही सुटा पेला मिळतो आणि कुणालाच काही खटकत नाही. प्याला एक करता येत नसेल तर भाकर तरी एक असू द्या. शंभर तुकडे करून आणलेला ब्रेड म्हणजे सुटा पेलाच की.

जातीबरोबर पंथ. आमच्या सांगोल्याची तर मजाच आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत उतरलं, १८३१ ला नगरला पोचलं आणि १८६० च्या दशकात सोलापुरात. ते काँग्रिगेशनल. दुसऱ्या बाजूनं कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन. मिशनऱ्यांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या मुलखात दुसऱ्यानं जायचं नाही. सांगोला मध्ये. ज्याचा आजा मिरजेच्या मिशन दवाखान्याकडे गेला तो तिकडचा, जो सोलापूरला शिकायला गेला तो इकडचा. पंथ ठरला वाटेवर! १९२४ साली हे दोन्ही प्रवाह संयुक्त उत्तर हिंद मंडळीत एक झाले. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. बोलणी १९२९ पासून सुरू होती, म्हणजे चाळीस वर्षांवर. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला झाले. नाही तर तेही आले असते.

कागदावरचं ऐक्य मोठं होतं, त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. पण नागपुरात सह्या होऊन पन्नासावर वर्षं झाली आणि तालुक्याच्या गावात आज काय दिसतं? जुन्या मंडळीशेजारी भाड्याच्या खोलीत एक स्वतंत्र फेलोशिप, तिच्यातून फुटलेली दुसरी. पहिले म्हणतात, शिंपडलेला बाप्तिस्मा पुरे. दुसरे म्हणतात, पाण्यात बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा कसला, परत घ्या, मग भाकर. माणदेशात बुडवायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न चैत्र-वैशाखात मला नेहमी पडतो. माण नदीच्या पात्रात तेव्हा क्रिकेट चालतं.

हसण्यावारी न्यायचा विषय हा नाही, हे मला एका मातीच्या दिवशी कळलं. गावाचं नाव घेत नाही. एक गृहस्थ वारले. नाव जुन्या मंडळीच्या यादीत, पण शेवटची तीन-चार वर्षं ते एका फेलोशिपमध्ये जायचे. यादीवाल्यांनी विचारलं, वर्गणी कधीपासून थकली आहे? फेलोशिपवाल्यांनी विचारलं, आमच्याकडचा बाप्तिस्मा त्यांनी घेतला होता का? दफनभूमीची किल्ली एकाकडे, प्रार्थना करणारा दुसऱ्याकडे, आणि पेटी ओसरीवर, बर्फ वितळत चाललेला. दुपारचे तीन वाजले. शेजारचे लिंगायत काका सकाळपासून उपाशी बसून होते. त्यांच्यातही पुरतात. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तुमच्यात पुरायलासुद्धा पावती लागती व्हय? नसंल जमत तर आमच्यात जागा हाय.” मी मान वर करू शकलो नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं २०११ च्या जनगणनेप्रमाणे दहा लाख ऐंशी हजार, शंभरात धड एकही नाही. त्यातही सोलापूर जिल्ह्यात फार विरळ. आणि ओसरीवर पेटी ठेवून आम्ही एकमेकांच्या बाप्तिस्म्याची खोली मोजत होतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मेज सगळ्यांना खुली केली तर शिस्त काय राहिली? रोमन कॅथलिक मंडळीचं म्हणणं असं की भोजन हे ऐक्याचं शिखर आहे. आधी विश्वासात एक व्हा, मग एका मेजेवर या. आधीच बसलात तर ते नसलेल्या ऐक्याचं नाटक होईल. आमच्यातल्या बऱ्याच प्रोटेस्टंटांचं उलट: एकत्र जेवल्याशिवाय एक होणार कसे? विद्वानांनी यावर आयुष्यं घालवली आहेत, १९८२ साली पेरू देशातल्या लिमा शहरी बऱ्याच पंथांनी मिळून बाप्तिस्मा, भोजन आणि सेवकपण यांवर एक मसुदाही तयार केला. माझं मत विचाराल तर कॅथलिकांच्या बाजूचा प्रामाणिकपणा मला भावतो, पण सांगोल्यात बसून तो परवडत नाही. ऐक्य आधी आणि जेवण नंतर हा क्रम ज्यांना थांबायला सवड आहे त्यांचा. आमचे लोक पंगतीत बसून एक झाले, आणि पंगतीतूनच उठवले गेले म्हणून तुटले. शिस्त हवीच. पण शुभवर्तमानांत त्या रात्री मेजेवर यहूदा इस्कार्योतही होता. त्याला कुणी यादी बघून उठवलं नाही.

नारायण वामन टिळकांनी शेवटच्या काळात हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला होता. मिशनची नोकरी सोडून १९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे यावेत अशी कल्पना होती. ते १९१९ मध्ये गेले आणि दरबार तसा विरला. आम्ही त्यांची भजनं टाळ-मृदंगावर गातो, त्यांचा दरबार मात्र गाण्यापुरता ठेवला.

बाप्तिस्मा न झालेल्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते ती उघड लिहितो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. परिणाम असा की कितीतरी पोरं वर्षानुवर्षं उपासनेला येतात, गातात, रात्री प्रार्थनाही करतात, पण बाप्तिस्मा घेत नाहीत, कारण दाखला जाईल आणि दाखल्याबरोबर नोकरी. प्रभुभोजनाचा ट्रे आला की ती उठून बाहेर जातात, चपला शोधायचं निमित्त करतात. आम्ही त्यांना भित्री म्हणतो. ज्या मंडळीनं त्यांच्या जातीशी सोयरीक केली नाही, त्याच मंडळीनं त्यांनी जातीचा दाखला फाडावा म्हणून आग्रह धरायचा, ही कुठली रीत? हक्काची लढाई कोर्टात लढायची ती लढू. तोवर त्या पोरांनी चपलांपाशी उभं राहावं, यात मला करिंथचं डबेवालं घर दिसतं.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या ग्रंथात भोजनाच्या वेळची एक जुनी प्रार्थना आहे. डोंगराडोंगरांवर विखुरलेलं धान्य गोळा होऊन जशी एक भाकर झाली, तशी तुझी मंडळी एक होवो, असा तिचा भाव. खळ्यावर राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या रानातली कणसं कुठली हे मळणी झाल्यावर ओळखता येत नाही. गिरणीत तर त्याहून नाही. सांगोल्याच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ जात्यात राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. आमची आई नेहमी कुरकुरायची, “कुणाची बाजरी आली बघ आपल्या ज्वारीत.”

तर मी मंडळीच्या बैठकीत एवढंच मांडलं. बेकरीचा ब्रेड बंद करू. दर महिन्याला एका घरानं भाकरी करून आणावी, पाळीनं, यादीतलं घर असो की यादीबाहेरचं, शिंपडलेलं असो की बुडवलेलं. मेजावर ती सगळ्यांसमोर मोडावी. आणि वर्षातून एकदा, पावसाआधी, बाजाराचा रविवार सोडून दुसऱ्या एखाद्या दिवशी खरी पंगत घालावी, जमिनीवर, पिठलं-भाकरीची. दोन्ही फेलोशिपना बोलवावं आणि शेजाऱ्यांनाही, लिंगायत काकांना पहिलं निमंत्रण. बैठकीत तासभर चर्चा झाली. ज्वारीचा चुरा सांडतो, म्हाताऱ्यांना चावत नाही, पाहुणे काय म्हणतील, असं सगळं निघालं. एकानं गहू सुचवला. उठता उठता एक जण दारात थांबून म्हणाले, “कल्पना चांगली आहे सर. पण कुणाच्या घरची भाकरी आहे, हे आधी कळलेलं बरं.”

पाळीचा कागद मी तरीही दाराजवळच्या फळ्यावर लावला. बारा ओळी, बारा महिने. पहिलं नाव आपलं लिहू का, म्हणून घरी विचारलं. सौभाग्यवती म्हणाली, “आपलं नको. आपल्याला कोण नाही म्हणतंय?” पुढच्या रविवारी बाजाराची पिशवी घेऊन आत शिरताना बघितलं, जानेवारीपुढे पेन्सिलीनं वाकड्या अक्षरांत मागच्या बाकावरच्या मावशींचं नाव होतं. त्यांना लिहिता येत नाही. अक्षर कुणाचं म्हणून चौकशी केली, तर ते जावेच्या पोराचं निघालं.